आवाजातली काच

काशीदादा रस्त्याने चालताना मधूनच थांबत आणि मागे वळून बघत. मागे बहुतेक वेळा कोणी नसे. असलंच तर एखादं कुत्रं, नाहीतर किन्हवलीकडून येणारा टेम्पो. पण बघितल्याशिवाय त्यांचं पुढचं पाऊल पडत नसे. मी एकदा विचारलं की दादा, काय बघता? तर म्हणाले, "काय नाय गो शैले, कोण बघतो काय ते बघतो."

त्यांची-माझी ओळख गाण्यातली. मी शहापूरला शाळेत शिकवते आणि आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत गाते. जयंतीला आणि पौर्णिमेला बुद्ध-भीमगीतं, लग्नसराईत हळदीची गाणी, आणि डोळखांबकडच्या पाड्यांवर बोलावणं आलं तर तिथली नाचाची गाणी, असा आमचा सगळा संसार. ढोलकीवर बाळाराम. पार्टीची बोलणी, गाडी ठरवणं, भांडणं मिटवणं हेही त्याच्याकडेच. आणि इलेक्ट्रिक गिटारवर काशीदादा. दिवसा ते मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर उभे असत, आणि संध्याकाळी अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, गिटार पाठीला लावून विहारात येत.

संशय हा त्यांचा स्वभाव नव्हता, धर्मच होता म्हणा. चहावाल्याने कप भरून दिला तर आज हा एवढा मेहेरबान का, आणि कमी दिला तर मला ओळखत नाही का. कोणी तोंडभरून कौतुक केलं की त्यांच्या मनात पाल चुकचुकलीच. कोणतीही बातमी सांगा, त्यांचा एकच सवाल असे, "सोताच्या कानानं ऐकलंस काय?" नाही म्हटलं की बातमी तिथेच बाद. वैजूवहिनी, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या की लग्नात भटजी नव्हते, भंतेजी होते, तरी यांनी त्रिशरण म्हणताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्या भावाकडे लक्ष ठेवलं होतं.

कारखान्यात सगळ्यांना कानात घालायला नारिंगी प्लग मिळत. दादांचे खिशातच असत. तपासणीला साहेब आला की तेवढ्यापुरते कानात, साहेब गेला की परत खिशात. बाळारामने कारण विचारलं तेव्हा त्यांनी आमच्या अज्ञानाची कीव केली. म्हणाले, "कानात बोळा घातला का मागून कोण काय बोलतो ते समजल काय? म्हणून तर फुकट देतात." आम्ही पोट धरून हसलो. पुढे कितीतरी दिवस पार्टीत कोणी कोणाचं ऐकेनासं झालं की "प्लग काढ रे" असं म्हणायची पद्धतच पडली.

गिटारवर तर त्यांचा खास पहारा असे. गिटारच्या पुढच्या पत्र्याच्या प्रत्येक स्क्रूवर वैजूवहिनींच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका होता. कोणी स्क्रू फिरवला की ठिपका तडकणार आणि चोर सापडणार. चोर कधी सापडला नाही. वहिनींना मात्र नेलपॉलिश लावायला कधी पुरलं नाही.

त्या पत्र्याखाली काय होतं ते सांगायला हवं, कारण दादांचा जीव तिथेच होता. गिटारच्या तारांखाली लोहचुंबक बसवलेले असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी. याला म्हणतात पिकप. तार हलली की तो ती हालचाल पकडतो आणि स्पीकरकडे पाठवतो. एका वेटोळ्याचा असेल तो सिंगल कॉइल. तो तारेचा आवाज अगदी लख्ख देतो, पण आसपासच्या विजेची घरघरही पकडतो. ती नको म्हणून लोक दोन वेटोळ्यांचे पिकप लावतात. त्यात एकाची घरघर दुसरा खोडून टाकतो. दादांना हे दोन वेटोळ्यांचं प्रकरण अजिबात पटत नसे. ते त्यांना चोर भाऊ म्हणत, एकमेकांची पापं झाकणारे. सिंगल कॉइल त्यांच्या मते चहाडखोर होता. जिथे जाईल तिथली लबाडी उघड करून सांगणारा. असल्या माणसाला असलाच पिकप आवडणार, यात नवल नाही.

त्यांच्या गिटारला असे तीन होते, मानेजवळचा, मधला आणि टोकाचा. मानेजवळचा भरीव वाजे, टोकाचा धारदार. एकाच कार्यक्रमात पाळणाही वाजवायचा, कव्वालीचा सवाल-जवाबही आणि पाड्यावर गेलो तर लांबच्या घरापर्यंत पोचेल असा नाचाचा सूरही. दुसरी गिटार न्यायची सोय नाही. त्यामुळे तीन पिकपांचा असा एकच संच हवा की जो सगळ्याला पुरून उरेल. हा संच निवडायला ते मला आणि बाळारामला घेऊन कल्याणच्या एका दुकानात गेले. आम्ही कशाला, तर साक्षीला.

दुकानदाराने आधी सगळ्यात मोठ्या आवाजाचा संच पुढे केला. दादा म्हणाले, "जो मोठ्यानं बोलतो तो कायतरी झाकतो." आणि ते खरंच होतं. वेटोळी वाढवली की आवाज मोठा होतो, पण त्यातली वरची चमक मरते. त्या चमकेला दादा काच म्हणत. काचेच्या बांगडीवर नख मारल्यावर जो बारीक नाद उरतो, तो गिटारच्या सुरात शेवटपर्यंत राहिला पाहिजे असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी दुकानदाराकडे पाठ फिरवली. म्हणाले, तुम्ही वाजवा, मधेच पिकप बदला, मला सांगू नका. दुकानदार खटका फिरवत गेला आणि दादा भिंतीकडे तोंड करून सांगत गेले की आता मानेजवळचा, आता टोकाचा, आता टोकाचा आणि मधला दोन्ही. एकदाही चुकले नाहीत. शेवटी मध्यम आवाजाचा, साधा दिसणारा एक संच त्यांनी घेतला. दुकानातली बाकीची गिऱ्हाईकंही तोवर गोळा झाली होती.

पण घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडून शाळेतलं होकायंत्र मागवलं आणि तिन्ही पिकपांवरून फिरवलं. मधल्यावर सुई उलटी फिरली. झालं. फसवलं, उलटा माल दिला, मी बोललो नव्हतो काय. दुसऱ्या दिवशी आम्ही परत दुकानात. दुकानदाराने शांतपणे समजावलं की मधला मुद्दाम उलटा बनवतात, म्हणजे शेजारच्याबरोबर लावला की दोघांची घरघर खोडली जाते. दादांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "म्हंजे याला बी झाकाझाकी शिकवली," असं म्हणून त्यांनी उलट्याच्या जागी सरळ सुईचा मधला मागवून घेतला. दुकानदार म्हणाला, घरघर घालवा म्हणणारे रोज येतात, घरघर परत द्या म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघितलं.

आम्ही ही गोष्ट सांगून सांगून खूप दिवस हसलो. पण डोळखांबच्या पुढे एका पाड्यावर हळदीला गेलो होतो, तिथे हसू बंद झालं. दादांनी गिटार जोडली आणि स्पीकर नेहमीपेक्षा जास्त घुरघुरायला लागला. मांडववाला म्हणाला, तुमचीच गिटार जुनी आहे. मी हात धुऊन नुकतीच आले होते, हात ओलेच, आणि माइक उचलायला वाकले. दादांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. इतक्या जोरात की माझी बांगडी फुटली. त्यांनी मेन स्विच बंद करायला लावला आणि सगळी वायर हाताने तपासत गेले. अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती, आणि माइकच्या मशीनमध्ये करंट उतरला होता. मांडववाल्याने मान खाली घातली. जमिनीत पहार ठोकून, पाणी ओतून तार जोडली तेव्हा कुठे घुरघुर खाली आली. परत येताना गाडीत दादा एवढंच म्हणाले की चहाडखोर जवळ असावा. त्या दिवसापासून मी त्यांच्या संशयाला नावं ठेवणं सोडलं. माझा जीव त्या संशयाने वाचला होता.

मग काही वर्षांनी काच गेली.

सुरुवातीला ते नुसतंच पुटपुटत. आवाज दबलाय, काच नाय. मग तारा बदलल्या, वायर बदलली. मग पिकप तारांच्या इतके जवळ उचलले की चुंबक तारा ओढायला लागले आणि सूर डगमगायला लागला. मग नवा संच, त्याच्यावर आणखी एक. प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा धारदार. दुकानदार बदमाश झाले, तांबं भेसळीचं येतं, चुंबक हलके घालतात, सगळी कारणं झाली. तरी काच येईना, आणि घरघर मात्र त्यांना साफ ऐकू येई. शेवटी संशय घरात आला. कसाऱ्याच्या कार्यक्रमानंतर गिटार रात्रभर विहारात होती, किल्ली बाळारामकडे होती, आणि स्क्रूवरचा एक ठिपका तडकलेला सापडला. दर आठवड्याला पत्रा उघडणारे दादा स्वतःच होते हे त्यांना सांगणार कोण?

इकडे आमची वेगळीच पंचाईत. दादांना जी काच ऐकू येत नव्हती ती आम्हाला नको इतकी ऐकू येत होती. टोकाचा पिकप, वरच्या सुरांची बटणं सगळी पूर्ण उघडी, आणि त्यातून निघणारी ती किंचाळी. उंबरमाळीच्या एका लग्नात पुढे बसलेल्या बायकांनी लेकरांच्या कानावर पदर धरले. दादांनी ते पाहिलं आणि लोक आपल्याला मुद्दाम खिजवतात असं धरून बसले. बाळारामने मला चहाच्या टपरीवर गाठून सांगितलं की धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा मुरबाडचा कार्यक्रम आहे, तोवर बघू, नाहीतर कीबोर्डवाला आणू, दादांना तूच सांग, तुझं ऐकतात. मी काही बोलायच्या आत रस्त्यापलीकडे पांढरा शर्ट दिसला. दादा उभे होते आणि आमच्याकडेच बघत होते.

खरं सांगते, मलाही तेव्हा सगळ्यांचाच संशय यायला लागला होता. बाळारामला खरंच आवाजाची काळजी आहे, की कीबोर्डवाला त्याचा भाचा आहे म्हणून? दादांना खरंच ऐकू येत नाही, की हट्टाने करतायत? संशय पडशासारखा असतो, जवळ बसलं की लागतो. आणि दादांना सरळ सांगावं तर ते काय म्हणतील ते मला पाठ होतं. टपरीवर ठरवून आलीस ना?

मुरबाडच्या कार्यक्रमाआधीच्या आठवड्यात मी दिवेलागणीला विहारात लवकर गेले. दादा एकटेच ओट्यावर बसले होते, मांडीवर गिटार आणि शेजारी आजवर काढून ठेवलेल्या पिकपांचा डबा. समोर भात पिकून पिवळं झालं होतं आणि शेतात रातकिड्यांनी नुसता कालवा मांडला होता. दादा शेताकडे बघून म्हणाले, "यंदा रातकिडे बी मेले. भातावर काय जबर फवारलंय कोण जाणे. कसा गपगार झालाय बघ."

इतके दिवस जे कळत नव्हतं ते त्या एका वाक्यात समोर येऊन उभं राहिलं. कारखान्यातला प्रेस, खिशातले नारिंगी प्लग, आमचं ते हसणं, सगळं एकदम आठवलं. प्रेसने त्यांच्या कानातले वरचे, बारीक आवाज खाल्ले होते, घरघरीसारखे जाडे तेवढे उरले होते. मला रडू येत होतं, पण रडले असते तर त्यांना त्याचाही संशय आला असता.

मी म्हटलं, दादा, कल्याणच्या दुकानात केली होतीत तशी परीक्षा करू. तुम्ही पाठ फिरवा. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. मग गिटार माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी टोकाच्या पिकपावर तार छेडली, मग खटका मधल्यावर नेला आणि तीच तार छेडली.

"तू बदललाच नाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, बदलला. ते वळले. खटक्याकडे बघितलं, माझ्या बोटांकडे बघितलं. परत पाठ फिरवली. मी परत वाजवलं, परत बदललं. ते परत म्हणाले, तोच हाय. मग त्यांनी मला ओट्यावर बसवलं, भिंतीकडे तोंड करून, आणि स्वतः वाजवायला लागले. मी सांगत गेले. आता टोकाचा, आता मधला, आता दोन्ही. फसवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. दोनदा खटका न हलवताच वाजवलं, तेही मी सांगितलं. शेवटी गिटार थांबली. मी वळून बघितलं नाही.

"शैले," मग ते हळूच म्हणाले, "रातकिडे हायेत काय गो?"

"हायेत, दादा. लय हायेत."

त्यांनी सोताच्या कानानं ऐकलंस काय, असं विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि तो असल्या गोष्टीसाठी ठेवावा लागला याचं मला आजही वाईट वाटतं.

मग त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, तू ऐक, आणि सांग. पुढचे दोन-तीन दिवस ते एकेक संच बसवत गेले आणि मी ऐकत गेले. डब्याच्या तळाशी वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला कल्याणचा पहिला संच निघाला. तो बसवला आणि मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. पाळण्याला भरीव, कव्वालीला चपळ, नाचाला धारदार, आणि प्रत्येक सुराच्या शेवटी ती बांगडीची काच. "पयलाच बरोबर होता ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांना ती काच ऐकू आली नव्हती, पण निवड आपलीच होती एवढं तरी त्यांच्या पदरात पडलं. पत्रा लावून झाल्यावर त्यांनी स्क्रूवर नेलपॉलिश लावलं नाही.

मुरबाडला मी स्टेजवर त्यांना दिसेल अशी उभी राहिले. मी कानातल्या रिंगला हात लावला की त्यांनी बटण खाली आणायचं, केसांना लावला की वर. बाळाराम ढोलकी वाजवता वाजवता एकदा थांबून ऐकत राहिला, आणि कीबोर्डची गोष्ट नंतर कोणी काढली नाही. पुढचे दोन हंगाम आम्ही असेच काढले. लोकांना वाटायचं मॅडमना गाताना केस सावरायची फार सवय आहे.

मग दादा निवृत्त झाले आणि लेकीकडे जुन्नरला जायचं ठरलं. गिटार पार्टीला देऊन टाकली. ती आजही आमच्याकडे आहे, त्याच संचासकट, आणि आजही घुरघुरते.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते मुरबाडच्या एसटी स्टँडवर. वहिनी आधीच लेकीकडे पोचल्या होत्या, हे सामानाची शेवटची पिशवी घेऊन निघाले होते. डाव्या कानात मशीन होतं. मी म्हटलं, कसं काय वाटतंय? तर म्हणाले की याच्यात बी एक बारीक वेटोळं हाय, बटण दाबलं का चालू होतं, मंग ट्यूबलाइटखाली उभा राहिलो का घुरघुरतो. "म्हंजे चहाडखोर हाय. चालल." रातकिडे ऐकू येतात का, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. त्यांनी ते ओळखलं असावं. थोडे येतात म्हणाले, पत्र्याच्या डब्यात घातल्यासारखे.

समोर कारखान्यातली पहिली पाळी सुटून पोरं गाड्यांकडे चालली होती, एकाच्या गळ्यात प्लगची दोरी लोंबत होती. दादा त्याच्याकडे बघत म्हणाले, "इतकी वर्षं कान उघडा ठेवला गो. मागून कोण कायच बोलत नव्हता."

तेवढ्यात गाडी लागली. त्यांनी पिशवी उचलली आणि गर्दीतून दाराकडे चालायला लागले. चालता चालता थांबले नाहीत, मागे वळून बघितलं नाही. दोन-चार पावलं गेल्यावर मी त्यांच्या पाठीमागून, नेहमीच्या आवाजात म्हटलं की दादा, तुमच्यासारखं वाजवणारं परत कोणी मिळणार नाही.

ते वळले नाहीत. पायरीवर पाय ठेवताना त्यांचा हात मशीन असलेल्या कानाकडे गेला, आणि ते गाडीत चढले. त्यांना ऐकू आलं की नाही, ते मला ठाऊक नाही. पण मला संशय आहे, आलं असणार.